मुलीला फुटबॉलमध्येच करिअर करायचंय, मनीषा कल्याणची सुरुवात कशी झाली आणि आपल्याकडे यात खरंच काही आहे का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी अकरावीत आहे, क्लबकडून खेळते, खोलीत मनीषा कल्याणचा, म्हणजे आपल्या इंडिया टीमच्या फॉरवर्डचा, फोटो लावलाय आणि घरात रोज वाद चालतो की पोरींच्या फुटबॉलात असतंय काय. आधीच सांगतो, मी कोचबिच नाही. कोल्हापूरचा आहे, शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या मॅचेस बघत वाढलो, आणि गेली काही वर्षं पोरींचं फुटबॉल जिथे दिसेल तिथे बघतो, कधी टीव्हीवर, कधी युट्यूबवर डोळे फाडून, कारण कॅमेरा असतो लांब आणि जर्सीवरचा नंबर दिसेल तर शपथ.

मनीषाबद्दल लोक लिहितात तेव्हा ब्राझीलविरुद्धचा गोल आणि चॅम्पियन्स लीग एवढंच लिहितात. तुमच्या मुलीसाठी ते अर्धवट आहे असं मला वाटतं. तिचे गोल बाजूला ठेवा आणि तिला कोणत्या वयात किती मॅचेस खेळायला मिळाल्या ते बघा, खरी भानगड तिथे आहे.

पोरगी पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातल्या मुग्गोवाल गावची, जन्म २००१ च्या नोव्हेंबरमधला. आधी पळायची, म्हणजे ॲथलेटिक्स, आणि शाळेतल्या पीटीच्या सरांनी तिचा स्पीड बघून फुटबॉलकडे वळवली. गावात मुलींची टीम कुठली असायला, पोरांबरोबरच खेळायची. २०१९ मध्ये सतरा वर्षांची असताना सिनियर इंडियाची जर्सी मिळाली. मग गोकुलम केरळ हा क्लब. इथवर सगळं भराभर झालं. २०१९-२० च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये गोकुलम चॅम्पियन झाली, फायनल बेंगळुरूला, क्रिप्सा या मणिपूरच्या टीमला ३-२ ने हरवलं, आणि मनीषाला सीझनच्या उगवत्या खेळाडूचं बक्षीस मिळालं. तारीख लक्षात ठेवा, फेब्रुवारी २०२०.

पुढची लीग कधी झाली माहितीये? एप्रिल २०२२ मध्ये. मधे कोविड, २०२०-२१ चा सीझन झालाच नाही. म्हणजे अठरा ते वीस, जे वय कुठल्याही खेळाडूचं खेळून खेळून तयार व्हायचं असतं, त्या सव्वादोन वर्षांत देशातल्या सगळ्यात चांगल्या तरुण पोरीला राष्ट्रीय लीगची एकही मॅच नाही. आणि लीग होत होती तेव्हाही ती सगळ्या टीम एका गावात आणून काही आठवड्यांत उरकायची अशीच होती, दोन ग्रुप, सेमी, फायनल, की झाली वर्षाची लीग. आपल्या पेठांचा सीझन याच्यापेक्षा लांब चालतो हो.

तो ब्राझीलविरुद्धचा गोल याच खड्ड्याच्या मधोमध झालाय, आणि म्हणून मला तो जास्त भारी वाटतो. नोव्हेंबर २०२१, मनाउस, ॲमेझॉनच्या जंगलातलं ते वर्ल्डकपचं स्टेडियम. आपल्याकडे सकाळ, मी चहाचा कप घेऊन बसलो होतो आणि कप टेकवायच्या आत ब्राझीलच्या डेबिन्याने पहिल्याच मिनिटाला गोल मारला. म्हटलं आता दहा-बारा खातोय आपण. आठव्या मिनिटाला मनीषा पळत सुटली, नुसत्या स्पीडवर डिफेंडर मागे टाकले आणि १-१. तिथली पब्लिक फॉर्मिगाचा निरोप बघायला आलेली, सात वर्ल्डकप खेळलेली बाई ती, तिची शेवटची मॅच, आणि स्कोअरबोर्डवर इंडिया बरोबरीत! पुढे ६-१ हरलो ते सोडा. पण हे लीगमधून नाही आलं, तेव्हा एशियन कपसाठी जमशेदपूरला लांबलचक कॅम्प लावला होता आणि टीमला परदेशी दौऱ्यांवर नेलं होतं, थॉमस डेनरबी हे स्वीडिश कोच होते, त्यातून आलं. म्हणजे त्या वीस-पंचवीस पोरींना मॅचेस मिळाल्या, बाकी देशातल्या शेकडो पोरी घरी बसून.

मग तो एशियन कप, आपल्याच दारात, नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडी. जानेवारी २०२२. डीवाय पाटीलला पहिली मॅच इराणशी ०-० आणि दुसऱ्या मॅचच्या दिवशी, चायनीज तैपेईविरुद्ध, टीममध्ये इतक्या जणी कोविड पॉझिटिव्ह की नियमाप्रमाणे किमान १३ खेळाडू लागतात तेवढ्याही उभ्या राहिनात. मॅच रद्द, टीम स्पर्धेबाहेर, इराणविरुद्धचा ड्रॉसुद्धा रेकॉर्डमधून पुसला. हीच स्पर्धा २०२३ च्या वर्ल्डकपची क्वालिफायर होती बरं का. मला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं, घरचे म्हणाले तुला काय झालं, तू खेळणार होतास का.

२०२२ ची लीग भुवनेश्वरला झाली, बारा टीम, प्रत्येकीला अकरा मॅचेस, गोकुलमने अकराच्या अकरा जिंकल्या, शेवटच्या मॅचला सेतू या टीमला ३-१ हरवून टायटल. आणि त्यानंतर मनीषाने जे केलं ते तुमच्या मुलीने नीट बघावं. ती सायप्रसला गेली, लिमासोलच्या अपोलोन लेडीजकडे. सायप्रस म्हणजे काही इंग्लंड-स्पेन नाही, त्यावरून तेव्हा आपल्याकडच्या काही शहाण्यांनी नाकंही मुरडली की ही कसली लीग. पण तिथे महिनोन्महिने दर आठवड्याला मॅच असते, आणि चॅम्पियन टीमला युरोपच्या चॅम्पियन्स लीगची क्वालिफायर मिळते. वीस वर्षांच्या पोरीला अजून काय पाहिजे?

आणि टायमिंग बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने आपल्या फुटबॉल फेडरेशनला सस्पेंड केलं. गोकुलमच्या पोरी आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या आणि तिथे कळलं की खेळता येणार नाही. क्लबने पंतप्रधानांना पत्र लिहिलं, काही उपयोग झाला नाही, हात हलवत परत. चूक कुठल्या पोरीची? कुणाचीच नाही. आणि त्याच आठवड्यात, १८ ऑगस्टला, मनीषा अपोलोनकडून लॅटव्हियाच्या रीगा क्लबविरुद्ध साठाव्या मिनिटाला सब म्हणून उतरली, मॅच ३-० जिंकली आणि युएफा विमेन्स चॅम्पियन्स लीग खेळणारी पहिली भारतीय झाली. दोन महिने उशीर केला असता तर तीही ताश्कंदच्या हॉटेलात बसली असती.

बाला देवी आठवते का? तिच्या पिढीतली सगळ्यात भारी स्ट्रायकर, मणिपूरची, तिला ग्लासगोच्या रेंजर्सने घेतलं २०२० मध्ये, तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. मनीषाला तसला चान्स विसाव्या वर्षी मिळाला. तेवढ्या नऊ वर्षांत माणूस किती शिकतो. पुढे २०२४ ला ती ग्रीसच्या पाओककडे गेली, नंतर पेरूच्या अलियान्झा लिमाकडे.

आता तुमच्या घरातल्या वादाकडे. तेव्हाच्या मानाने गोष्टी सुधारल्यात हे खरं आहे. २०२३-२४ ला लीग होम-अवे झाली, म्हणजे एक मॅच आपल्या ग्राउंडवर, एक समोरच्यांच्या, खाली लीग टूपण सुरू केली, आणि फेडरेशनने नियम केला की प्रत्येक क्लबने कमीत कमी दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं. मुलीच्या बाबांना हा आकडा सांगा, पण दोन्ही बाजूंनी सांगा, म्हणजे महिन्याला सत्तावीस हजारांच्या आत-बाहेर, तेही लीगमधल्या निवडक पोरींना, आणि गुडघा गेला तर पुढे काय ते आपलं आपण बघायचं. आणि होम-अवेच्या पहिल्या सीझनला सातच टीम होत्या, म्हणजे मॅचेस बाराच. अकराच्या बारा झाल्या, असं पण म्हणू शकता. २०१८-१९ च्या लीगमध्ये आमची कोल्हापूर सिटी होती, गोव्याची पणजीम फुटबॉलर्स होती, आज महाराष्ट्रातल्या पोरीला वरच्या लेव्हलला खेळायचं तर बहुतेक वेळा केरळ, बंगाल, ओडिशा असंच कुठेतरी जावं लागतं. घर सोडायची तयारी आहे का, हा प्रश्न टॅलेंटच्या आधी विचारा, अगदी जेवणखाण आणि भाषेपासून.

क्लब निवडताना ट्रॉफ्या आणि जर्सीचा ब्रँड बघू नका. सरळ विचारा, मागच्या वर्षी तुमच्या पोरी किती ऑफिशियल मॅचेस खेळल्या आणि त्यात माझ्या मुलीच्या वयाच्या किती जणी ग्राउंडवर होत्या, बेंचवर नाही. उत्तर गोलगोल आलं तर उठून या. मोठ्या नावाच्या ॲकॅडमीत वर्षभर कोन लावून ड्रिल करत बसण्यापेक्षा साध्या क्लबात दर रविवारी नव्वद मिनिटं खेळणं बरं, निदान या वयात तरी. पासपोर्ट काढून ठेवा, त्याला काही खर्च नाही फारसा आणि ऐनवेळी धावपळ होते.

बारावी सोडायची का, असंही विचारलंय. सोडू देऊ नका. अदिती चौहान, आपली माजी गोलकीपर, इंग्लंडला गेली ती लफबरो युनिव्हर्सिटीत स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला, आणि तिथून २०१५ मध्ये वेस्ट हॅम लेडीजच्या गोलमध्ये उभी राहिली. ॲडमिशनवर व्हिसा मिळाला, खेळ नंतर आला. हा रस्ता आपल्याकडे कोणी फारसा सांगत नाही, तुम्ही मात्र मुलीला दाखवा, आणि तिच्या बाबांना तर आधी दाखवा.