वारीच्या फोटोत नुसती गर्दीच दिसते, काय करू?

प्रश्न: माउलींची पालखी दिवेघाटात होती तेव्हा मोबाईलवर भरपूर फोटो काढले. समोर इतकं भारी दिसत होतं पण फोटोत नुसती गर्दी, कुठं बघायचं तेच कळत नाही. चांगला कॅमेरा घेऊ का? — एक वाचक, हडपसर

उत्तर: कॅमेऱ्याचा खर्च एवढ्यात नका करू. आपण तिथं उभे असतो तेव्हा टाळ ऐकू येत असतात, मान वळवून हवं तिकडं बघता येतं, फोटोत यातलं काहीच येत नाही, म्हणून फोटो कशाचा काढतोय ते आधी ठरवायला लागतं. घाटाचा की माणसाचा?

घाटाचा असेल तर वळणं हाच विषय. वर चढून जा, दिंड्यांनी भरलेला रस्ता फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यातून आत शिरून वळत वळत वर जाईल अशी जागा शोधा, मग नजर आपोआप त्या रस्त्यानं जाते. आणि वाइड नका लावू, त्यात लांबची वळणं बारीक होऊन जातात, टू एक्स किंवा थ्री एक्स झूमवर तीच वळणं मोठी, एकमेकांजवळ आल्यासारखी दिसतात. आभाळ पांढरंफटक असेल तर सरळ कापा.

माणसाचा असेल तर जवळ जा. समजा डोक्यावर तुळशी वृंदावन घेतलेल्या मावशी आहेत. त्या चालतायत त्या बाजूला जागा मोकळी ठेवा, सेटिंगमध्ये ग्रिड, म्हणजे फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग करणाऱ्या रेषा, चालू करून त्यांना त्यांच्या पाठीकडच्या उभ्या रेषेवर घ्या, यालाच रूल ऑफ थर्ड्स म्हणतात. पण त्या थेट समोरून येत असतील तर खुशाल मधोमध घ्या, तिथं तेच शोभतं, नियमाला चिकटून बसू नका. थोडं खाली बसलात की मागची गर्दी खाली जाते आणि तुळस आभाळावर सुटी दिसते, फोनची उंची फूटभर बदलली तरी केवढा फरक पडतो! फक्त डोक्यामागून विजेचा खांब उगवलाय का ते बघा, असेल तर एक पाऊल बाजूला सरका. पांढरं धोतर, पांढरी टोपी फार उजळ येत असेल तर त्यावर बोट टेकवून ब्राइटनेस जरा खाली ओढा.

बटण दाबायच्या आधी चारही कडांवरनं नजर फिरवाच, अर्धा हात, कुणाची तरी पिशवी, सगळं तिथंच सापडतं.

आणि काढलेले फोटो डिलीट करू नका हं, त्यातलेच दोनतीन घेऊन क्रॉप करून बघा, एखाद्यात चांगली फ्रेम दडलेली असते.