पन्नाशीनंतर चेहऱ्याला काय लावू? माझा अनुभव सांगते

अगं, तू लिहिलंयस की ५२ पूर्ण झाली, पाळी जाऊन दीड वर्ष झालं, चेहरा सारखा ओढल्यासारखा वाटतो, रात्री पायांना खाज सुटते, गालांवर वांग आलेत, दोन हजारांची नाईट क्रीम अख्खी संपवली तरी ढिम्म फरक नाही आणि डिसेंबरात लेकीचं लग्न आहे. मी ६१, तुझ्याहून नऊ वर्षं पुढे, आणि यातल्या बहुतेक चुका स्वतःच्या तोंडावर करून बसलेली, त्यामुळे लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बस.

आधी एक कर. ब्लाउजची बाही वर सरकव आणि दंडाची आतली बाजू नीट बघ, मग त्याच हाताचं मनगट बघ. दोन्ही ५२ वर्षांचेच ना? पण दंड अजून मऊ आणि एका रंगाचा, आणि मनगटावर डाग, सुरकुत्या, कागदासारखी कातडी. म्हणजे आपण ज्याला वय वय म्हणतो त्यातलं बरंचसं ऊनच असतं.

मला हे कसं कळलं ते सांगते. माझे वांग डाव्या गालावर जास्त, उजव्यावर कमी. स्किनच्या डॉक्टर बाईंनी विचारलं, गाडी चालवता का, पण मग त्याच म्हणाल्या की आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यांचा उजवा गाल जास्त काळवंडतो. मी म्हटलं, कसली गाडी, तीस वर्षं लोकलने मुलुंड ते सीएसएमटी. आणि मग घरी येऊन माझी ट्यूब पेटली! सकाळी सीएसएमटीकडे, म्हणजे दक्षिणेला जाताना डावीकडची हवेची विंडो धरायची, पूर्वेचं ऊन डावीकडून. संध्याकाळी उत्तरेला घरी येताना परत डावीकडचीच, सूर्य आता पश्चिमेला म्हणजे तोही डावीकडूनच. ज्या विंडोसाठी भांडणं केली तिनेच गाल भाजला. (भांडणं मात्र सगळी मी जिंकले होते.) काचेमागे बसलं की वाचलो असंही नाही बरं का, उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी यूव्हीबी काचेला बऱ्यापैकी अडतो पण यूव्हीए बराचसा आत येतो, आणि सुरकुत्यांचं मुख्य काम तोच करतो.

त्यामुळे पैसे घालायचे तर नाईट क्रीममध्ये नको, सनस्क्रीनमध्ये घाल. एसपीएफ ३० किंवा ५०, दोन्हींत फरक फार नाही, ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० साधारण ९८, खरा फरक किती लावतेस त्याने पडतो. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांवर भरून रेघा ओढायच्या, तेवढं चेहरा आणि मानेला. ५० ग्रॅमची ट्यूब महिना-दीड महिन्यात संपायला हवी, सहा महिने पुरत असेल तर तू ते लावत नाहीयेस, नुसती आठवण काढतेयस. उन्हात फिरणार असशील तर दर दोन तासांनी परत. आणि वांग आहेत म्हणून टिंटेड घे, आयर्न ऑक्साइडवालं, कारण वांगाला यूव्हीच नाही तर साधा डोळ्यांना दिसणारा उजेडही चिघळवतो आणि बिनरंगाचं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. वांगासाठी एका मेडिकलवाल्याने काउंटरवरूनच ट्यूब दिली, "सगळ्या लेडीज हीच नेतात" म्हणून. आठ दिवसांत चेहरा असा उजळला की शेजारीण विचारायला लागली. चार महिन्यांनी चेहरा लालबुंद, बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव आली, आणि लावणं थांबवलं की अशी आग व्हायची की परत लावावंसं वाटायचं. त्यात स्टिरॉइड होतं. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइडं असलेली मलमं शेड्युल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळायलाच नकोत, पण मिळतात. ट्यूबवर मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल असलं काही वाचलंस तर चेहऱ्याला लावू नकोस, आणि आधीच महिनोन्‌महिने लावत असशील तर एकदम बंदही करू नकोस, डॉक्टरांना दाखवून सोड. प्रायव्हेट परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर सगळीकडे स्किनची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, रांग असते पण बघतात नीट.

कोरडेपणाचं कारण तुझी पाळीच. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की त्वचेतलं तेल कमी होतं, आणि पहिल्या ५ वर्षांत कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, साधारण ३० टक्क्यांनी उतरतं, पुढे वर्षाला २ टक्के वगैरे. मुंबईत घाम येतो म्हणून आपल्याला वाटतं मॉइश्चरायझर कशाला, पण घाम म्हणजे ओलावा नव्हे आणि दिवसभर एसी असतो तो वेगळाच. कढत पाण्याची अंघोळ बंद कर, साबण फक्त काखा, जांघा आणि पाऊल, पायाच्या नडग्यांना रोज साबण कशाला लागतो सांग. वजरी टाचेपुरती, अंगाला नाही. पुसताना टिपायचं, खसाखसा नाही, आणि अंग ओलसर असतानाच, बाथरूममध्येच उभं राहून ग्लिसरीन किंवा सिरॅमाइडवालं साधं मेडिकलमधलं क्रीम लावायचं. पंख्याखाली येऊन वाळल्यावर लावलं तर अर्धा उपयोग गेला. पायांना खोबरेल तेल छान, माझी आई तेच लावायची, पण चेहऱ्याला मला तरी पुटकुळ्या आल्या. टाचांना १० टक्के युरियावालं.

लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट असलं काही गालाला चोळू नकोस, आपल्या सावळ्या कातडीला जिथे जळजळ झाली तिथे काळा डाग राहतोच.

सुरकुत्यांवर खरंच काम करणारं एकच, रेटिनॉल किंवा डॉक्टरांनी दिलेलं ट्रेटिनॉइन. रात्री, तुरीच्या दाण्याएवढं अख्ख्या चेहऱ्याला, आठवड्यातून दोनदा, आधी मॉइश्चरायझर मग ते. पहिले काही आठवडे सालं निघतील, घाबरू नकोस, फरक दिसायला तीन महिने तरी. व्हिटॅमिन सी चालतं, कोलॅजन पावडर मी घेत नाही.

मान काळी आणि मखमलीसारखी जाड झाली असेल तर घासू नकोस, शुगर तपासून घे. खाज क्रीमनेही जात नसेल तर थायरॉइड, शुगर, किडनी, लिव्हर बघायला सांगतात. बरी न होणारी जखम किंवा आकार बदलणारा तीळ असेल तर त्याच आठवड्यात जा. आणि रोज एकाच जागी टिकली लावतेस ना, खाली पांढरट डाग दिसतोय का बघ, चिकटवायच्या गमातल्या केमिकलने येतो, माझ्या जावेला आलाय. दिसला तर टिकली बंद आणि डॉक्टर.

लग्नाच्या आधी महिनाभर नवं काहीच सुरू करायचं नाही, फेशियल पण नाही, ब्लीच तर अजिबात नाही. रेटिनॉल करायचं तर आजच चालू कर, नाहीतर लग्नानंतर. हळद गच्चीवर ठेवली असेल तर मांडव घाला, आणि ब्लाउजची पाठ मोठ्या गळ्याची असेल तर पाठीलाही सनस्क्रीन, माझ्या भाचीच्या हळदीला मी तेवढंच विसरले होते आणि पाठीवर ब्लाउजचा गळा दिवाळीपर्यंत छापलेला होता.