स्टॅब्स काढायला घेतोयस तर आधी हे वाच

तू तुझ्या कंपायलरमधून स्टॅब्स, म्हणजे डीबगरसाठीची माहिती लिहायचा जुना फॉरमॅट, काढणार आहेस ना? जीसीसी या कंपायलरनेही ते एका झटक्यात नाही काढलं रे, १२ व्या आवृत्तीत ते कालबाह्य ठरवलं आणि २०२३ ला आलेल्या १३ व्या आवृत्तीत काढून टाकलं. तूही तसंच कर, आधी वॉर्निंग, पुढच्या रिलीजला डिलीट. लोकांच्या जुन्या मेकफाइलमध्ये -जीस्टॅब्स (स्टॅब्स मागणारा पर्याय) अजून पडलेलं असतं, त्यांना तयारीला वेळ मिळू दे.

फाइल उडवणं सोपं आहे, खरा ताप नावांचा. नुसतं डीबीएक्स (स्टॅब्स वाचणारा जुना डीबगर) सर्च करून जे सापडेल ते उडवत सुटू नकोस, कारण डीबीएक्स_रजिस्टर_नंबर हा मॅक्रो नावाने जुना वाटतो पण ड्वार्फला, म्हणजे स्टॅब्सच्या जागी आलेल्या नव्या फॉरमॅटला, रजिस्टरचे नंबर द्यायलाही तोच वापरात होता, म्हणून जीसीसीत त्याचं नाव बदलून डीबगर_रेगनो केलं, काढला नाही. तू असा मॅक्रो उडवलास तर आधी बिल्ड फुटेल, आणि कशीतरी दुरुस्त करून चालवलीस तर डीबगर व्हेरिएबलची भलतीच व्हॅल्यू दाखवेल, आणि ते शोधताना जीव जातो अक्षरशः. नाव बदलायचा पॅच वेगळा ठेव, डिलीटचा वेगळा, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला नीट दिसतं.

मग प्रत्येक टार्गेटची (कंपायलर ज्या प्रोसेसर-सिस्टिमसाठी कोड बनवतो त्याची) हेडर फाइल उघडून बघ, डीफॉल्ट डीबग फॉरमॅट कुठला लिहिलाय ते. तिथे ड्वार्फ नसेल तर थांब आणि आधी त्या टार्गेटच्या मेंटेनरला विचार. टेस्ट आणि डॉक्युमेंटेशनमधले उल्लेखही त्याच पॅचमध्ये काढ, नंतर करू म्हटलं की ते राहतंच.