कळल्याशिवाय म्हणवून घेऊ नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिलीची १९ मुलं, घरी कोरकू, शाळेत मराठी. कविता खड्या आवाजात म्हणतात, पण "तुझं नाव काय?" विचारलं की तीही "तुझं नाव काय?" असंच म्हणतात. एक मुलगी जूनपासून शब्दही बोललेली नाही. ती मंद आहे का, असं तू विचारतेस. तो शब्द आधी खोडून टाक, मग पुढचं वाच.

कोरकू मराठीची नातलग नाही. ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या घरची. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला तुझी पुस्तकी मराठी अर्धीअधिक ओळखीची वाटते. मेळघाटातल्या आतल्या गावच्या मुलाला ती तमिळइतकी परकी. घरात बाळ वर्षभर नुसतं ऐकतं, तेव्हा कुठे पहिला शब्द बोलतं. दोन शब्द जोडायला आणखी सहा-आठ महिने घेतं. त्या वर्षभरात त्याला कुणी मंद म्हणत नाही. तुझी मुलगी तेच वर्ष दुसऱ्यांदा काढते आहे, तेही दिवसाचे पाच तास. दुसरी भाषा शिकताना काही आठवडे, काही महिने गप्प राहणारी मुलं सगळीकडे सापडतात. तिच्याकडून बोलणं मागू नकोस. तिला कळतंय का, ते बघ.

आता काम. सोमवारपासून पंधरा दिवस कविता बंद. सहा क्रियापदं घे: ऊठ, बस, ये, जा, दे, ठेव. पहिल्यांदा तू बोलायचं आणि तूच करून दाखवायचं. मग दोन मुलांना बरोबर घेऊन करायचं. मग तू हात बांधून उभी राहा आणि नुसतं बोल. शेवटी क्रम मोडायचा. हा क्रम मोडणंच बहुतेक जण विसरतात. "ऊठ, बस, ऊठ, बस" चाललं की मुलं शब्द ऐकतच नाहीत, ताल पकडतात. "बस. दगड दे. बस. टोपलीत ठेव," असं म्हटल्यावर जो बरोबर करेल, त्याला कळलं. तोंडातून एक शब्द आला नाही तरी कळलं. आणि कळल्याशिवाय म्हणवून घेऊ नकोस.

दिवसाला सहा ते आठ नवे शब्द पुरे. तेच शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरा दिवसांनी परत आले पाहिजेत. एका दिवशी चाळीस वेळा घोकून ते टिकत नाहीत. भिंतीवरचा रंगांचा तक्ता तूर्त काढून ठेव. लाल, पिवळा, हिरवा एकाच तासाला शिकवले की ते एकमेकांत मिसळतात आणि महिनाभर सुटत नाहीत. डावा-उजवा, आत-बाहेर यांचंही तसंच. आधी एक पक्का होऊ दे, आठवड्याने दुसरा आण.

"गाय आला" असं म्हणतात म्हणून तू हैराण आहेस. कोरकूत आपल्यासारखं पुल्लिंग-स्त्रीलिंग-नपुंसकलिंग नाहीच. तिथे भेद सजीव-निर्जीवाचा. उलट दोन कुत्र्यांसाठी एक रूप आणि अनेक कुत्र्यांसाठी दुसरं. ते तुला जमेल का? म्हणून नाम एकटं देऊ नकोस, तो-ती-ते चिकटवूनच दे: तो मासा, ती गाय, ते झाड. मूल "गाय आला" म्हणालं तर "चूक" म्हणू नकोस. "हो, गाय आली. काळी गाय आली," एवढं म्हण आणि पुढे जा. तिसरीच्या मुलाला थांबवून "गाय आला की आली?" असं विचारता येईल, पहिलीतल्याला नको. आणि एखादं मूल "मी करलं" म्हणालं तर आनंद मान. 'बसलं', 'पडलं' यांवरून त्याने नियम काढलाय आणि तो 'केलं'वर आपटलाय. मराठी घरातली लहान मुलंही नेमकी तिथेच आपटतात.

सामान्यरूपाकडे मात्र कुणी बघत नाही. 'पाणी' शिकलेल्या मुलाला 'पाण्यात' हा अगदी नवा शब्द वाटतो. बादली पुढे ठेव. "हे पाणी. पाण्यात दगड टाक. पाण्यातून दगड काढ." व्याकरण एवढंच, आणि तेही हाताने.

कोरकू बोलायला बंदी घालू का, हे तू विचारायला नको होतंस. आमच्या पिढीने ती घातली. निकाल कागदावर बरे दिसले आणि आम्ही ते मिरवले. एका खोलीत दोन वर्ग होते, साधनं नव्हती, वरून तपासणी होती, हे सगळं खरंच होतं, आणि मी अजूनही ते सांगते. पण पाण्याला 'डा' म्हणतात हे मुलांना विचारायला कुठलं साधन लागत होतं? राज्यघटनेचं ३५०-क हे कलम १९५६ पासून सांगतंय की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी. ते वाचूनही आम्ही घोकंपट्टीच केली.

तू एक वही कर. रोज पाच कोरकू शब्द मुलांकडून घे, देवनागरीत लिही, मोठ्याने वाच आणि त्यांना हसू दे. हसतीलच. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका प्रयोगात, इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या त आणि ट यांतला फरक ऐकू येत होता; वर्षाच्या आसपास तो ऐकू येईनासा झाला. कान घरच्या भाषेचा होतो. तुझाही झालाय.

गोष्टीचं असं कर. एकच चित्र, पाच दिवस. पहिल्या दिवशी कुणाच्या तरी आईने ती कोरकूत सांगायची. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट तू मराठीत सांग, हातवाऱ्यांसह. तिसऱ्या दिवशी तू म्हणशील त्यावर मुलांनी बोट ठेवायचं. चौथ्या दिवशी फक्त हो-नाही आणि "कोण?" पाचव्या दिवशी खेळायची. बोलायचं असेल ते बोलतील. पहिल्या दिवसाला फाटा देऊ नकोस. घाई असली की तोच गळतो, आणि मग उरलेले चारही दिवस मुलं अंदाज बांधत बसतात.

वाचनाची अक्षरंही कोरकूतूनच सुरू कर. 'डा' म्हणजे एक अक्षर, एक काना, आणि अर्थ घरचा. अक्षर जोडून शब्द करायची युक्ती एकदाच शिकावी लागते, मग ती मराठीतही चालते. मराठी वाचायला देशील ते मात्र तोंडी ओळखीचं झालेलंच दे. नाहीतर पोपट होतील. कळल्याशिवाय म्हणवून घेऊ नकोस, तसं कळल्याशिवाय वाचवूनही घेऊ नकोस. तिसऱ्यांदा लिहिते आहे, कारण दिवाळीपर्यंत तू विसरशील.

किती दिवस लागतील? टोरोंटोतल्या स्थलांतरित मुलांची आकडेवारी तपासून जिम कमिन्स यांनी १९८१ मध्ये दाखवलं की बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते; अभ्यासाच्या भाषेत वर्गाच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. तिथे चोहीकडे इंग्रजी होती. तुझ्या मुलांना शाळेबाहेर मराठी कोण ऐकवतं?

मुख्याध्यापकांना दिवाळीपर्यंत वाचन हवंय, हे कळलं. वाद घालू नकोस. पंधरा दिवसांनी त्यांना वर्गात बसव. आणि त्या न बोलणाऱ्या मुलीला, माठाकडे न बघता, हात न हलवता सांग: "सरांना पाणी दे." ती उठते की नाही, ते त्यांना बघू दे.

तुझी,
बाई