जामीन फेटाळल्यावर आतला माणूस ‘माझी वाट बघू नका’ म्हणाला तर

ताई, भाऊ दीड महिन्यापासून जिल्हा कारागृहात कच्चा कैदी आहे, परवा सत्र न्यायालयाने जामीन फेटाळला आणि कालच्या मुलाकातीत तो म्हणाला, ‘आता माझी वाट बघू नका.’ वकीलसाहेब म्हणतात नाटकं करतोय. जेलवाल्यांना सांगितलं तर त्याच्यावरच नवी केस लागेल, या भीतीने तुम्ही गप्प आहात. गप्प राहू नका, आजच सांगा.

आत्ता जेलच्या नंबरवर फोन करून ड्युटीवरच्या तुरुंगाधिकाऱ्याला सांगा आणि उद्या सकाळी लेखी अर्ज द्या. अर्ज अधीक्षकांच्या नावे, प्रत कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. तिन्हीकडून शिक्का मारलेली पोच घ्या. ‘भाऊ खचला आहे’ एवढंच लिहिलंत तर कागद फायलीत जाईल, आत खचलेले पुष्कळ असतात. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहा. पूर्वी कधी जीव द्यायचा प्रयत्न केला होता का, कुठल्या गोळ्या चालू होत्या, दारू किती होती, हे लाजेपोटी लपवू नका. जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स जोडा. शेवटी दोन मागण्या करा: मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी करावी आणि त्याला एकटं ठेवू नये.

दुसरी मागणी गाळू नका. असा अर्ज आला की जेल प्रशासन घाबरतं आणि बंद्याला उचलून वेगळ्या कोठडीत टाकतं. हेतू लक्ष ठेवण्याचा असतो, पण संध्याकाळच्या बंदीपासून सकाळी टाळं उघडेपर्यंत तो माणूस आपल्याच विचारांसोबत कोंडला जातो आणि रात्रपाळीचा शिपाई मधूनच डोकावतो. मी सामाजिक कार्यकर्ता म्हणून बरीच वर्षं कारागृहांत जातोय. बदल आधी ओळखतो तो शेजारच्या पथारीवरचा. कॅन्टीनमधून घेतलेला साबण, बिस्किटांचे पुडे एकाएकी वाटून टाकले, ताट न शिवता परत गेलं, तारखेला जायला नको म्हणाला, हे त्याला दिसतं. हे कुणाला सांगायचं, एवढंच त्याला माहीत नसतं. ब्रिटनमध्ये 1991 साली वेल्समधल्या स्वान्सी तुरुंगात सॅमॅरिटन्स या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने बंद्यांनाच ऐकून घेण्याचं प्रशिक्षण दिलं आणि पुढे ती पद्धत तिथल्या इतर तुरुंगांतही गेली. आपल्याकडे बंद्याचं कुणी ऐकून घेईल का, ते बराकीवरचा हवालदार किंवा सुभेदार किती माणुसकीचा आहे यावर ठरतं.

आता केसची भीती. ‘वाट बघू नका’ म्हणणं हा गुन्हा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 115 म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं 309 कलम 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. 226 कलम आहे, पण ते सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं. वकीलसाहेबांच्या मनात बहुधा तेच असेल. आणि तुम्ही कळवलंत म्हणून त्याच्यावर काहीही लागत नाही.

‘नाटक’ या शब्दाची मला चीड आहे. 2022 मध्ये देशभरातल्या तुरुंगांत 159 अनैसर्गिक मृत्यूंची नोंद झाली, त्यांतल्या 119 आत्महत्या होत्या. तोंडावरून ओळखता येईल म्हणावं तर तेही खरं नाही, हसतखेळत मुलाकात करून गेलेलेही असतात. म्हणून मी तारखा बघतो. आत आल्यानंतरचे पहिले काही दिवस, त्यातही दारू अचानक तुटली असेल तर जास्तच. जामीन फेटाळल्याचा दिवस, निकालाचा दिवस. घरी मयत झाली आणि जाता आलं नाही, बायकोची नोटीस आली, ठरलेल्या मुलाकातीला कुणी आलंच नाही. घरातल्याच माणसाविरुद्धच्या गुन्ह्यात किंवा पोक्सोत आलेल्यांना लाजेचं ओझं वेगळं असतं, बराकीतही त्यांना कुणी जवळ करत नाही. तुमचा भाऊ आत्ता अशाच एका तारखेवर उभा आहे.

पुढच्या मुलाकातीत आडून विचारू नका. काचेपलीकडे, खरखरणाऱ्या इंटरकॉमवर, आजूबाजूला दहा जण ओरडत असताना सूचक बोलणं पोहोचतच नाही. ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर रडू आलं तरी चालेल, पण ‘आईचा तरी विचार कर’ म्हणू नका. आईच्या जिवाला घोर लावल्याचा अपराधीपणा त्याला आधीच खातोय. ऐकून घ्या आणि बाहेर पडताच अधिकाऱ्याला सांगा.

वकीलसाहेबांना म्हणावं, नाटक वाटत असलं तरी एकदा स्वतः आत जाऊन त्याला भेटा. सत्र न्यायालयाने नाकारलं तरी उच्च न्यायालय आहे, हे त्याला त्यांच्या तोंडून कळू द्या. अर्ज कधी दाखल होणार तेही सांगू द्या. पहिलाच गुन्हा असेल, कलम फाशी-जन्मठेपेचं नसेल आणि दुसरी केस चालू नसेल, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत गेल्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 479 खाली सुटकेसाठी अधीक्षकांनाच न्यायालयाला कळवावं लागतं. तो हिशेबही मांडून द्यायला सांगा. आणि रात्री तुम्हालाच झोप लागत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. अर्जाचा मसुदा इथे टाका, मी आज रात्रीच बघतो.