यंत्राने सिद्धता तपासली म्हणजे काय?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

संगणकाने तपासलेली सिद्धता खरी मानायची का, असं तू विचारलंयस. माझ्या मते मानायची, पण त्याने नेमकं काय तपासलं ते आधी पाहायचं.

१९७६ मध्ये ॲपेल आणि हाकेन या गणितज्ञांनी चार रंगांचं प्रमेय सिद्ध केलं: शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगाचे ठेवून कोणताही नकाशा चार रंगांत रंगवता येतो. त्यातले हजारावर आकृतिबंध संगणकाने तपासले होते. तो प्रोग्रामच चुकला नसेल कशावरून, ही तेव्हाची शंका रास्त होती. पुढे २००५ मध्ये जॉर्ज गाँतिए यांनी या प्रमेयाची सिद्धता 'कॉक' या सिद्धता तपासणाऱ्या संगणक-प्रणालीत लिहिली. तिथे प्रत्येक पायरी तर्काच्या मूळ नियमांतून निघते का, हे एक छोटा गाभा तपासतो. बाकी प्रोग्राम कितीही मोठा असो, भरवसा मुख्यतः त्या गाभ्यावर ठेवायचा.

मला याहून मोलाची वाटते ती गणितज्ञ पीटर शोल्झे यांची गोष्ट. सहकारी क्लाउझेन यांच्यासोबतच्या एका अवघड प्रमेयाची सिद्धता 'लीन' या कॉकसारख्याच प्रणालीत तपासावी, असं आवाहन त्यांनी डिसेंबर २०२० मध्ये केलं. जुलै २०२२ मध्ये काम पुरं झालं आणि प्रमेय टिकलं. पण वाटेत सिद्धता सोपीही झाली आणि तिचा जीव नेमका कुठे आहे, हे खुद्द शोल्झेंना अधिक स्पष्ट दिसलं. 'हे उघड आहे' म्हणून यंत्रापुढे सुटका नसते, म्हणून हे घडतं.

एका बाबतीत मात्र फार सावध राहा. लीनमध्ये नैसर्गिक संख्यांची २ − ३ ही वजाबाकी ० येते. १ ला ० ने भागलं तरी उत्तर ०! या सोयीसाठी केलेल्या व्याख्या आहेत, त्यात विसंगती नाही. पण विधान लिहिताना त्या ध्यानात नसल्या, तर तू भलतंच काही सिद्ध करशील आणि यंत्र ते बिनतक्रार मान्य करेल. विधान आपल्या मनातलंच आहे ना, हे माणसानेच वाचून ठरवायचं. एआयने लिहिलेल्या सिद्धतेलाही हेच लागू.

प्रतिउदाहरण शोधायला तर संगणक बेधडक वापर. पाचव्या घातांची बेरीज पुन्हा पाचवा घात व्हायला किमान पाच संख्या लागतात, असा गणितज्ञ ऑयलरचा एक अंदाज दोनेक शतकं टिकला होता; १९६६ मध्ये २७⁵ + ८४⁵ + ११०⁵ + १३३⁵ = १४४⁵ या एका ओळीने तो मोडला.

सुरुवात √२ अपरिमेय असल्याच्या सिद्धतेने कर. आधी कागदावर पूर्ण लिही, मग लीनमध्ये. जिथे अडेल ती ओळ मला पाठव.