सायकलचे प्रश्न: माळ्यावरचं हँडल बसेल का?

प्रश्न: नमस्कार काका. माझं वय ४६, शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीत गियरची सायकल घेतली. रोज जाऊन-येऊन १४ किलोमीटर होतात, वाटेत एक मोठा चढ. दोन महिने झाले, उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मनगट दुखतं. कधीकधी फळ्यावर लिहिताना खडूसुद्धा निसटतो. हँडल सरळ दांडीसारखं, चांगलंच रुंद आहे. दुकानदार म्हणतो, रेसचं वाकडं हँडल लावा, हात ठेवायला जागा मिळेल. सासऱ्यांच्या जुन्या काळ्या सायकलीचं हँडल आमच्या माळ्यावर आहे. हे म्हणतात, तेच बसव, फुकटात काम होईल. काय करू?
– एक वाचक, पालशेत (ता. गुहागर)

उत्तर: ताई, आधी खडूचं. सायकलवरून उतरल्यावरही बोटांत जोर नसेल तर हँडल राहू दे बाजूला, डॉक्टरांना हात दाखवा. करंगळीकडची नस तळव्याच्या मनगटाजवळच्या उशीतून जाते आणि सायकलवर सगळा भार नेमका तिथेच येतो. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हौसेने रेसचं हँडल लावलं आणि रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाऊन आलो. समुद्र काय सुंदर दिसतो म्हणून खाली वाकून, हातांवर रेलून चालवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या कुलपात किल्ली घातली, ती फिरेना. कुलूप गंजलं म्हणून त्याला तेल पाजलं. शेजारच्या पोराने येऊन एका झटक्यात उघडलं. गंज माझ्या बोटांत होता. पूर्ववत व्हायला तीन आठवडे गेले.

आता हँडल. तुमच्या ह्यांचं अर्धं बरोबर आहे. आकार माळ्यावरच्या हँडलचाच, मागे वळलेल्या मुठींचा, घ्यावा, पण ते हँडल तुमच्या सायकलीला बसायचं नाही. जुन्या काळ्या सायकलीचं हँडल आणि खाली जाणारी दांडी बहुधा एकजीव असते, सळीच्या ब्रेकच्या लिव्हरही त्यालाच. तुमच्या गियरच्या सायकलीत ती दांडी घालायला बहुधा जागाच नसेल.

आकार का चांगला, ते विहिरीवर बघा. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन चालताना तळवे एकमेकांकडे वळलेले असतात आणि मनगट सरळ असतं. सरळ दांडीच्या हँडलवर तेच तळवे जमिनीकडे फिरवावे लागतात आणि मनगट मुडपतं. मुठी मागे वळलेल्या असल्या की हात बादली धरल्यासारखा पडतो, पाठही उभी राहते. खोट एकच: चढावर उभं राहून पॅडल मारायला गेलात तर गुडघा मुठीला लागतो. तुम्हाला गियर आहेत, बसूनच चढा.

रेसच्या हँडलला हात ठेवायला जागा भरपूर, हे दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही. पण त्याची नळी जाड, २३.८ मिलिमीटरची. तुमच्या मुठीकडची २२.२. म्हणजे आताच्या ब्रेकच्या आणि गियरच्या लिव्हर त्यावर चढणार नाहीत, सगळंच नवीन घ्यावं लागेल. मागे वळलेलं हँडल मात्र २२.२ चंच मिळतं, लिव्हर त्याच चालतात.

तरी लगेच विकत घेऊ नका. माझ्याकडे हात दुखतो म्हणून सायकल आणतात, त्यातल्या निम्म्यांचं दुखणं सीटमध्ये निघतं. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर माणूस पुढे घसरत राहतो आणि तो भार हात पेलतात. गवंड्याची पाणसळ सीटवर ठेवून बघा. मग सीट सेंटिमीटरभर पुढे घ्या, जास्त नको, नाहीतर गुडघे कुरकुरतील. हँडल धरणारा तुकडा, ज्याला दुकानात स्टेम म्हणतात, तो उलटा करून बसवला की बहुतेक सायकलींवर हँडल थोडं उंच होतं. हे दुकानातच करून घ्या. स्क्रू आवळण्याचा क्रम चुकला तर पुढचा भाग खडखडतो.

रुंदीचं तर घरच्या घरी. मुठी आणि लिव्हर दोन्हीकडून दोन-दोन सेंटिमीटर आत सरकवून आठवडाभर चालवा. बरं वाटलं तरच टोकं करवतीने कापायची. कापलेली नळी वाढत नाही. आणि टोकाला बूच हवंच, पडल्यावर उघडी नळी पोटात घुसते. लिव्हर जरा खाली फिरवा, बोटं ब्रेकवर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष यायला हवी.

मुठी फोमच्या असतील तर काढून टाका. आपल्याकडच्या पावसात त्या स्पंजासारख्या पाणी पितात आणि जूनमध्ये हात लावला की पिळलेल्या फडक्यासारख्या लागतात. तळव्याखाली पसरट भाग असलेल्या, स्क्रूने आवळायच्या रबरी मुठी घ्या.

एवढं करूनही बोटं बधिर झाली तर मागे वळलेलं हँडल घ्यायचं. त्यासाठी मधल्या जाडीचं माप लागेल. हँडल जिथे स्टेममध्ये धरलेलं असतं, तिथे अगदी चिकटून एक सुतळी गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. आठ सेंटिमीटर आली तर नळी २५.४ मिलिमीटरची, दहा आली तर ३१.८ ची. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत, मध्ये पत्रा कोंबून बसवून देणारे भेटतील, त्यांना नको म्हणा. मुठी मागे येणार म्हणून स्टेम थोडा लांब लागेल. केबल पुरते की नाही, ते हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून पाहायचं.

सुतळीचं माप कळवा, आठ की दहा. आणि माळ्यावरचं हँडल भंगारात घालू नका. त्याची काळी सायकल कुठे आहे, ते लिहिलं नाहीत.